'छापील' सर्किटाची गोष्ट

आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी मध्यंतरी आमच्याकडे जुन्या दिवाळी अंकांची मागणी केली. त्यांची वाङ्मयीन आस्था पाहून आम्ही सुखावलो. परंतु त्यांना हवी होती ती अंकांतील जाहिरातींची गुळगुळीत पाने. त्यांवर लेझर प्रिंटरने आकृती छापायची, कपड्यांच्या इस्त्रीने ती तांब्यावर उतरवायची आणि विद्यार्थ्यांकडून सर्किट बोर्ड करून घ्यायचा, असा त्यांचा बेत होता. कुतूहलापोटी आम्ही तो प्रयोग पाहिला आणि एक गैरसमज दूर झाला. 'प्रिंटेड सर्किट' यातील 'प्रिंटेड' हे विशेषण आम्ही आजवर आलंकारिक समजत होतो. ते शब्दशः खरे आहे.

पाटी फायबरची, तिच्या एका अंगाला तांब्याचा पातळ थर. प्रिंटरची शाई, म्हणजे टोनर, ही वस्तुतः प्लॅस्टिकची भुकटी असल्याने इस्त्रीच्या उष्णतेने ती वितळून तांब्याला चिकटते. मग पाटी पाण्यात भिजवून कागद अंगठ्याने हलकेच चोळून काढायचा. उरतात काळ्या रेषा. पाटी फेरिक क्लोराइडच्या तपकिरी द्रावणात बुडवली की उघडे तांबे विरघळते आणि शाईखालचे तेवढे टिकते. शेवटी शाई पुसली की तांब्याची वाट लखलखू लागते. आकृती कागदावर उलटी छापावी लागते, हे पाहून आम्हाला छापखान्यातला खिळा आठवला. त्याच्यावरही अक्षर उलटेच असते.

'जे राखायचे ते झाका, बाकीचे आम्लाला खाऊ द्या' हे तत्त्व मुद्रकांचे आणि फार जुने आहे. १७९६ साली म्युनिकमध्ये अलॉइस झेनेफेल्डर या नाटककाराला आपली नाटके छापून घेणे परवडत नव्हते, म्हणून तो स्वतःच छपाईचे प्रयोग करीत होता. एकदा धोब्याला द्यायच्या कपड्यांची यादी लिहायला कागद सापडेना, तेव्हा त्याने ती मेणाच्या शाईने दगडावरच लिहिली. पुढे त्या दगडावर आम्ल ओतले, तर अक्षरे शाबूत राहिली आणि भोवतालचा दगड झिजला, असे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. या खटाटोपातून काही वर्षांत शिळाछाप जन्माला आला. आपल्याकडेही १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले, तेही यंत्र आणि शाई यांची जुळवाजुळव स्वतःच करून.

छापखान्यातली ही विद्या विजेच्या क्षेत्रात नेणारा माणूस म्हणजे पाउल आयस्लर. १९०७ साली व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू अभियंता. शिक्षण विजेचे, पण मनाजोगती नोकरी न मिळाल्याने काही काळ मुद्रणव्यवसायात काढलेला. १९३६ साली तो इंग्लंडला आला. त्या काळी रेडिओच्या पोटात तारांचा गुंता असे आणि एकेक तार हाताने जोडावी लागे. हा गुंता पुस्तकाच्या पानासारखा एकदम छापता येईल, ही त्याची कल्पना. लंडनमधील हॅम्पस्टेड भागातील भाड्याच्या खोलीत त्याने तसा रेडिओ तयारही केला. छापील सर्किटाचा इतिहास असा घरातूनच सुरू होतो.

तो रेडिओ घेऊन आयस्लर एका कारखान्याकडे गेला, तेव्हा तारा जोडणाऱ्या मुली अधिक स्वस्त पडतात या सबबीवर त्याला नकार मिळाला, अशी हकीकत त्याने सांगितली आहे. आम्हाला हा प्रसंग फार बोलका वाटतो. नवे तंत्र अज्ञानामुळेच अडते असे नाही. माणसांचे हात स्वस्त असले तरीही ते अडते. पुढे महायुद्धात 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' म्हणून त्याला स्थानबद्धता भोगावी लागली. सुटकेनंतर त्याला आसरा मिळाला तो लंडनच्या एका छापखान्यातच. १९४३ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. मात्र १९६३ साली अमेरिकेतील न्यायालयात पेटंटाचा दावा त्याच्या बाजूच्या कंपनीने गमावला. तोवर छापील सर्किट घराघरांतल्या रेडिओत जाऊन बसले होते.

आज कारखान्यांकडून दोन-चार बोर्डही माफक दरात करून मिळतात. इस्त्रीच्या प्रयोगाची निकड पूर्वीसारखी राहिलेली नाही. त्यातली अडचणही लपवू नये: वापरलेल्या द्रावणात तांबे उतरलेले असते, ते मोरीत ओतून चालत नाही. तरीही या प्रयोगाचे मोल आम्हाला मोठे वाटते. मराठीच्या वर्गात मुद्रणाचा इतिहास शिकवताना आम्ही ग्रंथ, नियतकालिके आणि प्रबोधन यांवर बोलतो. शाई, मेण, दगड आणि आम्ल यांना त्यात जागा नसते. कारागिराचे ज्ञान संस्कृतीबाहेरचे, असे आम्ही न बोलताच शिकवत आलो. ज्या हातांनी पंचांग छापले, त्याच प्रकारच्या हातांच्या विद्येतून पुढे रेडिओ छापला गेला, हा दुवा आमच्या विद्यार्थ्यांना कोणी दाखवायचा?

यंदा सहकाऱ्यांना पाने देताना आम्ही एकच अट घातली आहे. शिळाछापावरचा आमचा तास त्यांच्या प्रयोगशाळेत होईल, आणि इस्त्री आमच्या विद्यार्थ्यांच्या हातात असेल.