ज्या खेळण्यांवर बंदी आली

लहानग्यांच्या हाती गोल, चौकोन, त्रिकोण द्यावेत, ही गोष्ट आज साधी वाटते. परंतु या कल्पनेला एकेकाळी राजसत्तेचा रोष सोसावा लागला होता.

जर्मनीतील एका ल्यूथरन पाळकाचे पुत्र फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ च्या सुमारास बालकांसाठी ‘देणग्या’ घडविल्या. प्रथम लोकरीचे मऊ चेंडू. मग लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती. गोल घरंगळतो, घन स्थिर राहतो. वृत्तचिती उभी केली तर स्थिरावते, आडवी केली तर घरंगळते. दोरीला टांगलेला घन गरगर फिरविला की त्यात वृत्तचितीचा भास होतो. सृष्टीच्या विविधतेमागील ईश्वरी एकता बालकाने खेळता खेळता ओळखावी, हा त्यांचा हेतू. तरीही १८५१ साली प्रशियाच्या शासनाने नास्तिकतेचा आरोप ठेवून बालोद्यानांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल निवर्तले. बंदी उठली ती १८६० साली.

१९०७ साली रोममध्ये बालगृह उघडणाऱ्या कॅथलिक डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी लाकडी आकृतींच्या कडांवरून बालकांची बोटे फिरविली. आकृतीची कड गिरविणारे बोटच पुढे अक्षर गिरविते, हे त्यांनी जाणले. आपल्या बोर्डीत ताराबाई मोडक यांनी १९४५ साली हे बालशिक्षण खेड्यातील गरिबांच्या दारी नेले.

तीन वर्षांच्या बालकाकडून वहीची पाने भरून घेणाऱ्या पालकांना आमचे एवढेच सांगणे : आधी त्याच्या हाती ठोकळे द्या. पेन्सिल थोडी थांबेल.