ओहोटीच्या भरवशावर

आपल्या घरच्या मोरीतून गेलेले पाणी पुढे कोठे जाते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. समुद्रकाठच्या शहरांना तर ही निश्चिंती अधिकच सुलभ असते. दारात रत्नाकर उभा आहे, त्याच्या पोटात काय मावणार नाही? अमेरिकेतील बॉस्टन शहराने याच भरवशावर शंभर वर्षे काढली. त्या भरवशाची किंमत त्याला कशी मोजावी लागली, तो इतिहास आज सांगावयाचा आहे.

१८८४ साली बॉस्टनची मोठी मलनिःसारण योजना सुरू झाली. मैलापाणी पंपांनी उचलून मून आयलंड या बेटावर न्यावयाचे, तेथील हौदांत साठवावयाचे आणि ओहोटी लागली की बंदरात सोडावयाचे, अशी तिची रचना होती. शहरालगतचे गलिच्छ किनारे तिने मोकळे केले, हे खरे; परंतु तीत शुद्धीकरण नव्हते, होते ते केवळ स्थलांतर. ओहोटीने नेलेले भरती पुष्कळदा परत आणते, हे कोळ्याच्या पोरालाही ठाऊक असते.

पुढे १९५२ साली नट आयलंड येथे आणि १९६८ साली डिअर आयलंड येथे मैलाशुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. हे डिअर आयलंड मोठे दुर्दैवी स्थळ. १६७५ च्या युद्धात वसाहतवाल्यांनी शेकडो मूळ रहिवाशांना तेथे ऐन हिवाळ्यात डांबले. त्यांतील कित्येक भुकेने व थंडीने मेले. नंतर तेथे रोगी स्थलांतरितांसाठी इस्पितळ झाले, तुरुंग झाला. शहराला जे जे नकोसे, ते ते या बेटावर न्यावे, ही जुनीच रीत होती.

या केंद्रांत पाणी संथ ठेवून जड द्रव्य तळाशी बसू देत आणि वरचे पाणी क्लोरीन घालून बंदरात सोडीत. येथवर ठीक; पण वेगळा काढलेला गाळ? तोही कुजवून ओहोटीच्या वेळी त्याच बंदरात! तांदळातून वेचलेले खडे पुन्हा तांदळातच टाकावेत, तसा हा प्रकार झाला. तळाच्या चिखलात राहणाऱ्या फ्लाउंडर नावाच्या चपट्या माशांच्या यकृतांत गाठी आढळू लागल्या. १९७२ च्या कायद्याने जिवाणूंच्या साह्याने होणारे दुसऱ्या टप्प्याचे शुद्धीकरण सक्तीचे केले होते. परंतु त्यातून सूट मागण्यातच वर्षे गेली.

अखेर १९८२ साली शेजारच्या क्विन्सी शहराचे विधिसल्लागार विल्यम गोल्डन सकाळी किनाऱ्यावर धावावयास गेले, तो त्यांच्या पायांखाली मैला! क्विन्सीने न्यायालयात दाद मागितली. संघराज्याच्या न्यायालयाचे न्यायाधीश डेव्हिड मॅझोन यांनी कामाचे वेळापत्रकच आखून दिले आणि वर्षानुवर्षे त्यावर जातीने लक्ष ठेवले. डिसेंबर १९९१ मध्ये बंदरात गाळ सोडणे थांबले. त्याचे खत होऊ लागले. डिअर आयलंडवर नवे केंद्र उभे राहिले आणि ६ सप्टेंबर २००० रोजी समुद्रतळाखालून सुमारे १५ किलोमीटर जाणारा बोगदा सुरू झाला. त्या बोगद्यात १९९९ साली दोन पाणबुड्यांचे प्राण गेले. एकूण खर्च सुमारे ३८० कोटी डॉलर झाला आणि त्याचा मोठा भार नागरिकांच्या पाणीपट्टीवर पडला.

दूरच्या केप कॉड किनाऱ्यावरील लोकांनी विचारले, 'तुमची घाण आता आमच्या दारात का?' प्रश्न रास्त होता. बोगदा केवळ लांब असता, तर ती मून आयलंडचीच पुनरावृत्ती ठरली असती. परंतु या वेळी पाणी आधी शुद्ध केले होते आणि ते कोठे जाते यावर सतत पाहणी ठेवली होती; त्या पाहणीत भीती होती तशी मोठी हानी आढळली नाही. बंदरात सागरी गवत पुन्हा रुजू लागले. माशांच्या यकृतांतील गाठी जवळजवळ नाहीशा झाल्या.

अतिवृष्टीत जुन्या नळांतून काही मैला आजही बाहेर पडतोच. म्हणजे काम संपलेले नाही. परंतु बॉस्टनचा धडा स्पष्ट आहे. समुद्र घाण पोटात घालतो, हा आपला समज आहे. तो ती फक्त काही काळ सांभाळतो, आणि मग ज्याची त्याला परत करतो.