किंजल्काची कुळकथा

जास्वंदीचं फूल उभं चिरलं की मधोमध एक लांब नळी दिसते. नळीभर पिवळे परागकोश आणि टोकाला बाहेर डोकावणारे पाच मखमली ठिपके. शाळेच्या आजच्या पुस्तकात या ठिपक्यांचं नाव कुक्षी. मराठी विश्वकोशात मात्र ते किंजल्क. दोन्ही शब्द संस्कृत, दोन्ही ठरवून नेमलेले, पण त्यांची घराणी वेगळी.

अमरकोशात किंजल्क आणि केसर एकाच अर्थाचे आहेत: कमळाच्या आतले तंतू. नर कोण, मादी कोण, हा भेद तिथे नाही. तो वर्गीकरणाच्या मुळाशी आणला स्वीडनच्या लिनीअसने. 1735 साली त्याने फुलांची विभागणी चक्क नवरे आणि बायका मोजून केली. 1751 च्या ग्रंथात पानाचा आकार, कडा, लव, देठ अशा प्रत्येक गोष्टीला त्याने एकेक लॅटिन शब्द नेमून दिला. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची वर्णनं पुढे याच साच्यात झाली. डाल्झेल आणि गिब्सन यांचा ग्रंथ 1861 चा. थिओडोर कुक यांचा 1901 ते 1908 या काळातला; हे कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. पुस्तकं दोन्ही इंग्रजी.

मराठीत विश्वकोश करायचा ठरला तेव्हा आधी शब्द हवे होते. त्यामुळे परिभाषासंग्रह 1973 मध्ये निघाला आणि विश्वकोशाचा पहिला खंड त्यानंतर, 1976 मध्ये. या परिभाषेने अमरकोशातली जोडी फोडली. केसर नराकडे गेला, किंजल्क मादीकडे, आणि किंजल्कावरून एक अख्खं कुटुंब उभं राहिलं: किंजदल, किंजपुट, किंजमंडल. किंजल्काला तोलून धरणारी दांडी ती किंजल. मुलुंड-घाटकोपरच्या गुजराती घरांत किंजल नावाच्या मुली पुष्कळ, पण हा अर्थ तिथे कोणी सांगत असेल असं वाटत नाही.

शाळेच्या पुस्तकांनी फुलाच्या नर आणि मादी भागांसाठी पुमंग आणि जायांग हे शब्द घेतले. हिंदी परिभाषेतही हेच शब्द आहेत. जाया म्हणजे बायको, म्हणजे लिनीअसचा संसार इथे शब्दशः आला. सोय म्हणून ठीक; मला स्वतःला किंजकुटुंब जास्त आवडतं, कारण एका धातूच्या साखळीसारखे त्यातले शब्द एकमेकांत अडकलेले आहेत. एक कळला की बाकीचे ओळखता येतात. कुक्षीवरून अंडाशय ओळखता येत नाही.

पानांच्या बाबतीत असा झगडा झालाच नाही. दातेरी, लवदार, गुळगुळीत, समोरासमोर, एकाआड एक हे शब्द बोलीत होतेच. परिभाषेने ते उचलले. त्यामुळे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी ओळखायला शब्दकोश लागत नाही. पानं समोरासमोर, कडा दातेरी, फुलं निळी-जांभळी. तिच्या काठ्यांचे कूड लिंपून भिंती करणाऱ्या आदिवासींना तर तेवढंही सांगावं लागत नाही. आठ वर्षांनी एकदा ती फुलते. उद्यानात 2016 नंतर 2024 मध्ये फुलली. तेव्हा फूल उघडून मुलांना दाखवणारा माणूस पाकळीपर्यंत एकच मराठी बोलतो. आतल्या टोकाला पोचला की कुक्षी म्हणायचं की किंजल्क, हे तो कुठल्या पिढीत आणि कुठली पुस्तकं वाचून शिकला त्यावर ठरतं, आणि बहुतेक वेळा तो सरळ स्टिग्मा म्हणून मोकळा होतो.