विशेष आवृत्त्यांविषयी तळटीप

१. अ‍ॅनिमेशनपटांच्या विशेष आवृत्त्या जमवणे हा लेखकाने येथे निव्वळ हौसेचा खर्च ठरवला आहे. संपादकाला हे मान्य नाही. डिस्नेचा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ सप्टेंबर १९९१मध्ये न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात अपुऱ्या अवस्थेतच दाखवला गेला. रंगवून झालेल्या दृश्यांमध्ये पेन्सिलीची कच्ची रेखाटने तशीच होती. ती प्रत लेसरडिस्कवर निघाली, म्हणूनच साध्या रेषेतून पात्र कसे घडत जाते ते आजही पाहता येते. २००२च्या डीव्हीडीत ही अपुरी प्रत, चित्रगृहातली प्रत आणि ‘ह्यूमन अगेन’ हे गाणे घालून वाढवलेली प्रत अशा तिन्ही एकत्र आल्या. अभ्यासकाला पाठभेदांसह छापलेल्या पोथीचे जे मोल, तेच हिचे. डिस्ने जुने चित्रपट बाजारातून काढून मुद्दाम टंचाई करत असे, हा आक्षेप खरा आहे. पण त्याने विक्रेत्याचा हेतू कळतो, वस्तूचे मोल कमी होत नाही. नव्या, स्वच्छ आवृत्तीने जुनी निरुपयोगी होते, हे तर मुळीच पटत नाही: ‘द स्वॉर्ड इन द स्टोन’च्या २०१३च्या ब्लू-रेत फिल्मचे कण पुसताना चित्रकारांच्या रेषाही पुसट झाल्या. हे नुकसान जुन्या प्रतीशी ताडूनच दिसते. वाचकांकडे अशा डिस्क असतील, तर नवी आवृत्ती आली म्हणून त्यांनी त्या टाकून देऊ नयेत. – संपादक