घरगुती प्रोजेक्टर : मोजक्या पैशांत निवड कशी करावी?

भिंतभर पडद्यावर घरच्या घरी चित्रपट पाहण्याची हौस आता केवळ बंगल्यांपुरती राहिलेली नाही. पाच-सात हजार रुपयांपासून काही लाखांपर्यंतचे प्रोजेक्टर भारतीय बाजारपेठेत उपलब्ध आहेत. त्यांच्यावरील वस्तू व सेवा करही २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. तथापि दूरचित्रवाणी संच घेताना सहसा होत नाही अशी फसगत प्रोजेक्टर घेताना अनेकांच्या वाट्याला येते. संच दुकानात दिसतो जवळपास तसाच घरीही दिसतो. प्रोजेक्टरचे चित्र मात्र निम्मे यंत्रात आणि निम्मे खोलीत तयार होत असते. त्यामुळे यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी आपल्या खोलीची पाहणी करणे श्रेयस्कर.

खोलीचा अंधार

कोणताही प्रोजेक्टर पडद्यावर काळा रंग टाकू शकत नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. पडद्यावर जेथे प्रकाश पडत नाही, तो भाग आपल्याला काळा वाटतो. खिडकीतून किंवा ट्यूबलाइटमधून उजेड येऊन पडद्यावर पडला, की तो भाग करडा होतो आणि चित्र फिके पडते. यंत्र कितीही महाग असले तरी यातून सुटका नाही.

म्हणूनच घरातील पडदा मुख्यत्वे दिवसा लागणार असेल, म्हणजे दुपारच्या मालिका, बातम्या किंवा साडेतीन वाजता सुरू होणारे आयपीएलचे सामने पाहायचे असतील, तर त्याच पैशांत ४३ किंवा ५५ इंची संच घेणे अधिक शहाणपणाचे. रात्रीचे चित्रपट आणि संध्याकाळचे सामने यांसाठी प्रोजेक्टर शोभतो. अशा घरात खिडक्यांना जाड, प्रकाशरोधक पडदे लावण्यावर केलेला खर्च यंत्राच्या वाढीव किमतीपेक्षा अधिक उपयोगी ठरतो. पडद्याजवळची भिंत आणि छत गडद किंवा निदान चकाकी नसलेल्या रंगाचे असल्यास आणखी फरक पडतो.

ल्युमेनचे गणित

प्रोजेक्टरची प्रकाशक्षमता ल्युमेनमध्ये सांगतात. प्रत्यक्षात किती ल्युमेन लागतात, याचा हिशेब कठीण नाही. डिजिटल चित्रपटगृहांसाठीच्या मानकानुसार पडद्यावरील पांढऱ्या रंगाची दीप्ती ४८ कँडेला प्रति चौरस मीटर असावी लागते. कर्णाने १०० इंच असलेला १६:९ प्रमाणातील पडदा सुमारे २.२१ मीटर रुंद व १.२५ मीटर उंच, म्हणजे पावणेतीन चौरस मीटरचा असतो. साध्या पांढऱ्या पडद्यावर चित्रपटगृहाइतकी दीप्ती मिळवण्यास पूर्ण अंधारात अवघे ४१५ ल्युमेन पुरतात. पडदा १२० इंची केल्यास ही गरज ६०० वर जाते, कारण क्षेत्रफळ जवळपास दीडपट होते. खोलीत एखादा दिवा सुरू ठेवायचा असेल, तर याच्या तिप्पट-चौपट प्रकाश हाताशी असलेला बरा.

यात एक मेख आहे. खोक्यावरील आकडा बहुधा सर्वांत प्रखर रीतीतला असतो आणि त्या रीतीत रंग हिरवट दिसू लागतात. चित्रपटासाठीची रीत निवडली की प्रकाश लक्षणीय घटतो. शिवाय दिवा जुना होत जातो तसा तो मंदावतो. म्हणून अंधाऱ्या खोलीतील १०० इंची पडद्यासाठीही प्रमाणित मापाने १,००० ते १,५०० ल्युमेन असावेत, असे म्हणणे अवास्तव ठरणार नाही.

येथे 'प्रमाणित' हा शब्द महत्त्वाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९९२ मध्ये घालून दिलेल्या पद्धतीत पांढऱ्या चित्राचे नऊ समान भाग करून प्रत्येकाच्या मध्यभागी प्रकाश मोजतात आणि त्यांची सरासरी काढतात. हे माप 'ॲन्सी ल्युमेन' या नावाने ओळखले जाते. 'आयएसओ २१११८' हे आंतरराष्ट्रीय मानकही याच धर्तीचे आहे. स्वस्त यंत्रांच्या जाहिरातींत मात्र नुसते 'ल्युमेन' किंवा 'एलईडी ल्युमेन' असे लिहिलेले असते. तो प्रकाश भिंगातून बाहेर पडणारा नसून आतील दिव्याचा असतो, आणि कित्येकदा तोही कल्पनेतला.

दहा हजार रुपयांच्या यंत्रावर '१०,००० ल्युमेन' लिहिलेले दिसल्यास त्याची वीज किती वॉट आहे ते पाहावे. मल्टिप्लेक्समधील एवढ्या क्षमतेची यंत्रे किलोवॉटच्या हिशेबाने वीज घेतात. शंभर वॉटच्या यंत्रातील एकेरी एलसीडी काच आणि तिच्यावरील रंगगाळण्या दिव्याचा बहुतांश प्रकाश गिळून टाकतात. भिंतीपर्यंत पोहोचतात ते जेमतेम काहीशे ल्युमेन. अशी दिशाभूल करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. तिच्याविषयी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

'फोर-के सपोर्ट' म्हणजे काय?

दुसरा फसवा शब्द म्हणजे 'सपोर्ट'. 'फोर-के सपोर्ट' याचा अर्थ यंत्र तो संकेत स्वीकारते इतकाच. भिंतीवर तितके पिक्सेल उमटतात असे नव्हे. खरा आकडा 'नेटिव्ह रिझोल्यूशन' या रकान्यात असतो. तो रकानाच नसेल, तर यंत्र बाजूला ठेवावे. फुल एचडी चित्रात १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. '१०८०पी सपोर्ट' म्हणवणाऱ्या काही यंत्रांत प्रत्यक्षात ८०० गुणिले ४८०, म्हणजे ३ लाख ८४ हजारच पिक्सेल भरतात. हे प्रमाण एक-पंचमांशाहूनही कमी आहे. शंभर इंची पडद्यावर त्यांची जाळी स्पष्ट दिसते आणि खालची उपशीर्षके वाचताना डोळ्यांना ताण पडतो. मर्यादित खर्चात खरे फुल एचडी मिळत असेल, तर नावापुरत्या फोर-केचा मोह टाळावा.

तीन तंत्रे

अत्यंत स्वस्त यंत्रांत एकच एलसीडी काच असते. त्यांच्यावरच्या किंमतपट्ट्यात डीएलपी आणि तीन काचांचे 'थ्री-एलसीडी' अशी दोन तंत्रे भेटतात. डीएलपीचा गाभा म्हणजे लॅरी हॉर्नबेक यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये १९८७ साली शोधलेली सूक्ष्म आरशांची चिप. या शोधासाठी त्यांना २०१५ मध्ये ऑस्करचा तांत्रिक सन्मान लाभला. डीएलपीचे चित्र रेखीव असते. तथापि घरगुती यंत्रांत लाल, हिरवा आणि निळा रंग एकापाठोपाठ एक दाखवले जातात. त्यामुळे नजर झटकन फिरवल्यास काहींना पांढऱ्या अक्षरांच्या कडेला इंद्रधनुष्यी छटा दिसतात. बहुतेकांना त्या जाणवत नाहीत, पण ज्यांना जाणवतात त्यांचे डोके दुखू शकते. म्हणून खरेदीपूर्वी घरातील सर्वांनी काळ्या पार्श्वभूमीवरील श्रेयनामावली पाहून घ्यावी. थ्री-एलसीडीमध्ये हा दोष नसतो आणि रंगही टवटवीत दिसतात. त्यांची हवेची जाळी मात्र आपल्याकडील धुळीत वरचेवर साफ करावी लागते.

अंतर आणि छताचा पंखा

यंत्र पडद्यापासून किती दूर ठेवायचे, हे 'थ्रो रेशो'वरून कळते. पडद्याच्या रुंदीला या आकड्याने गुणले की अंतर मिळते. शंभर इंची पडद्यासाठी १.५ रेशो असल्यास ३.३ मीटर, तर १.२ असल्यास सुमारे २.६५ मीटर जागा लागते. आपल्याकडील दहा बाय बारा फुटांच्या खोलीची लांबी ३.६६ मीटर असते. त्यातून यंत्राची खोली, मागची वायर आणि हवा खेळण्याची जागा वजा केली, तर पहिले यंत्र कसेबसे बसेल. खोली लहान असल्यास रेशो कमी असलेले यंत्र घ्यावे, किंवा ८० इंचांवर समाधान मानावे. त्यातही आनंद कमी नाही.

परदेशी मार्गदर्शिकांत न आढळणारी आपली अडचण म्हणजे छताचा पंखा. यंत्र छताला लावले आणि प्रकाशझोत पात्यांच्या मार्गात आला, तर संपूर्ण चित्र लुकलुकते. पंख्याची थरथर छतावरून यंत्रापर्यंत पोहोचते, ती वेगळीच. आधार पात्यांच्या पातळीखाली येईल इतका लांब घ्यावा, नाहीतर यंत्र मागच्या भिंतीवरील फळीवर ठेवावे. ते शक्यतो पडद्याच्या समोर सरळ असावे. तिरके ठेवून 'कीस्टोन'ने चित्र चौकोनी केल्यास काही पिक्सेल वाया जातात आणि स्पष्टता घटते.

दिवा, आवाज आणि इतर खर्च

पारंपरिक दिव्याचे आयुष्य साधारण ३,००० ते ५,००० तास, तर एलईडी वा लेझरचे २०,००० तास किंवा अधिक सांगितले जाते. रोज तीन तास वापर असेल, तर ४,००० तासांचा दिवा साडेतीन वर्षांत संपेल. आठवड्याला दोनच चित्रपट पाहणाऱ्या घरात तोच पंधरा वर्षे पुरेल. नव्या दिव्याची किंमत आणि उपलब्धता आधीच विचारून ठेवावी. कार्यालयांतून निघालेली जुनी यंत्रे स्वस्त आणि प्रखर असतात. मात्र त्यांपैकी पुष्कळांचे रिझोल्यूशन १,०२४ गुणिले ७६८ इतकेच असते. मेनूमध्ये दिव्याचे वापरलेले तास पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

यंत्रातील स्पीकर बातम्या ऐकण्यापुरते असतात. एकूण रकमेचा निदान चौथा हिस्सा साउंडबार, पडदे आणि वायर यांसाठी राखून ठेवावा. ब्लूटूथने जोडलेल्या स्पीकरवर काही वेळा ओठांच्या हालचाली आणि आवाज जुळत नाहीत, म्हणून वायरची जोडणी बरी. 'अँड्रॉइड' म्हणवणाऱ्या अनेक स्वस्त यंत्रांना नेटफ्लिक्सची अधिकृत मान्यता नसते. अशा वेळी एचडीएमआयमध्ये वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावल्यास काम भागते. पडद्याची घाई नको. गुळगुळीत भिंतीला दिलेला चकाकीविरहित पांढरा रंग पहिल्या वर्षी पुरेसा असतो.

दिव्याच्या यंत्राला अचानक वीज जाणे मानवत नाही, कारण तापलेला दिवा थंड करणारा पंखाही त्याच क्षणी थांबतो. भारनियमनाच्या भागात ते इन्व्हर्टरवर किंवा लहान यूपीएसवर जोडावे. परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी अंधारात एक पूर्ण चित्रपट चालवून चारही कोपऱ्यांतील अक्षरांची स्पष्टता, अडकलेले पिक्सेल आणि शांत प्रसंगांतील पंख्याचा आवाज तपासावा. तोपर्यंत खोके आणि पावती टाकू नये.