सूर्याकडे वळलेला कॅमेरा

चलच्चित्र टिपणाऱ्यास पदोपदीं छळणारे दोष बहुधा प्रकाशांतून व वेगांतून उद्भवतात. चंद्रावर तर त्यांना क्षमाच नसते. अपोलो मोहिमांचा इतिहास याची साक्ष देतो.

जुलै १९६९ मध्यें अपोलो ११ च्या कृष्णधवल कॅमेऱ्यानें सेकंदास १० चित्रें पाठविलीं; प्रत्येकांत रेषा अवघ्या ३२०. अमेरिकेंतील घरगुती संचांस मात्र ५२५ रेषांचीं ३० चित्रें लागत. म्हणून पृथ्वीवर एका पडद्यावर उमटलेलें चित्र दुसऱ्या कॅमेऱ्यानें पुनः टिपावें लागलें. या रूपांतरांत मूळची स्पष्टता हरपली, आणि हलत्या मनुष्यामागें भुतासारखी छाया रेंगाळूं लागली.

१९ नोव्हेंबर १९६९ रोजीं अपोलो १२ चे चार्ल्स कॉनरॅड व ॲलन बीन उतरले, ते रंगीत कॅमेरा घेऊन. त्याची नलिका मंद प्रकाशही टिपील इतकी संवेदनशील होती, आणि तेंच तिचें मर्मस्थान ठरलें. बीन यांनीं कॅमेरा तिकाटण्यावर नेतांना भिंगाचें तोंड सूर्याकडे वळलें. चंद्रावर वातावरण नसल्यानें तें तेज यत्किंचितही न निवतां आंत शिरलें व प्रकाशग्राही पटल जळालें. चित्राचा कांहीं भाग पांढराशुभ्र झाला, उरलेला काळा पडला. बीन यांनीं हातोडीनें ठोकूनही पाहिलें, पण व्यर्थ! दोन फेऱ्यांत मिळून दोघे सात तासांहून अधिक काळ चंद्रावर वावरले. त्यांतील बहुतेक सर्व भाग जगानें केवळ कानांनीं अनुभवला.

याच कॅमेऱ्यांत दुसराही दोष होता. तांबडी, हिरवी व निळी कांच बसविलेली एक चकती भिंगामागें फिरे व तिन्ही रंग एकामागून एक टिपले जात. स्थिर दृश्यास यानें बाध येत नसे. परंतु वस्तु वेगानें हलली कीं तिन्ही रंगांची फारकत होई.

१९७१ च्या अपोलो १५ पासून प्रखर प्रकाशास अधिक दाद न देणारी नलिका आली, आणि कॅमेरा ह्यूस्टनहून फिरवितां येऊं लागला. रंगांची चकती मात्र तीच राहिली. म्हणूनच १४ डिसेंबर १९७२ रोजीं अपोलो १७ चें यान चंद्रावरून उसळलें, तेव्हां उडालेले तुकडे चित्रांत तांबडे, हिरवे, निळे दिसले. एक दोष जिंकला गेला होता. दुसरा जाणूनबुजून सोसला गेला, कारण त्याच्याच बदल्यांत हलका कॅमेरा चंद्रापर्यंत नेतां आला होता.