वऱ्हाडातील दारिद्र्यनिवारण आणि परदेशी साह्य

वऱ्हाडचा परक्या पैशाशी आलेला संबंध मुळात कर्जातून निर्माण झाला. हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चाची बाकी निजामाकडे थकली आणि तिच्या पोटी १८५३ च्या तहाने हा प्रांत कंपनीच्या कारभाराखाली गेला. कर्ज एकाचे, तारण दुसऱ्याचे, अशी ती व्यवस्था होती. अमरावती-अकोल्याच्या रयतेचे मत त्या तहात कोणी विचारले नव्हते, हे सांगावयास नको.

पुढे अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१–६५) पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे मँचेस्टरची दृष्टी वळली. १८६७ पर्यंत अकोला व बडनेऱ्यावरून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग पुरा झाला. खामगावचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. कापसासाठी स्वतंत्र कमिशनर नेमण्यात आला. भांडवल, यंत्रे, बियाण्यांचे प्रयोग हे सर्व बाहेरून आले, आणि सरकारी कागदांत या साऱ्याला 'सुधारणा' म्हटले गेले. सुधारणा झाली हे नाकारता येत नाही. परंतु ती रुईची, गठ्ठ्यांची आणि वाहतुकीची झाली. कुणब्याच्या घरातील कणगीचा विचार तिच्यात नव्हता.

याचा प्रत्यय १८९९–१९०० च्या दुष्काळात आला. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली. या घटीचे खापर केवळ कपाशीवर फोडणे योग्य नव्हे. पाऊसच पडला नव्हता, आणि रोगराईही होती. तथापि ज्वारीचे रान कपाशीखाली गेलेल्या मुलखात धान्य विकत घेण्याची ऐपत हाच जगण्याचा आधार उरतो आणि मजुराजवळ तीच नसते, ही गोष्ट त्या दशकाने उघड केली.

स्वातंत्र्यानंतर सहकार्याची दिशा बदलण्याचा एक प्रयत्न वऱ्हाडच्याच माणसाने केला. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय मंत्रिमंडळात शेतीचे खाते सांभाळीत होते. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली, आणि दिल्लीस १९५९–६० मध्ये जागतिक कृषी प्रदर्शन भरविले. शेतकऱ्याने जग पाहावे, नुसते जगाने त्याचा माल पाहू नये, असा या खटाटोपाचा अर्थ लावता येतो. अकोल्यास १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

यापुढील धागा अनपेक्षितपणे पश्चिम आफ्रिकेतून येतो. १९७० च्या आगेमागे मालीपासून चाडपर्यंत पसरलेल्या साहेल पट्ट्यात भीषण अवर्षण पडले. १९७२ मध्ये महाराष्ट्रही दुष्काळात होरपळला. साहेलसह त्या वर्षांतील अन्नसंकटांतून १९७४ ची रोमची जागतिक अन्न परिषद आणि तिच्यातून १९७७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी जन्मला. महाराष्ट्राने स्वतःच्या दुष्काळाला दिलेले उत्तर म्हणजे रोजगार हमी. तिचा कायदाही १९७७ चाच. शहरातील पगारदारांवरील व्यवसायकर हा तिचा एक प्रमुख आधार होता. एका आपत्तीची ही दोन उत्तरे जवळजवळ ठेवून अभ्यासली जात नाहीत, ही उणीवच होय.

रोमचा हा निधी अमरावतीस आला तो २००९ मध्ये. तत्पूर्वी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पश्चिम विदर्भ हादरला होता. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग येथे येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्याच अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा जिल्ह्यांत समन्वयित कृषी विकास प्रकल्प, म्हणजेच 'केम', राबविण्यात आला. त्याचे मुख्यालय अमरावतीस होते. एकूण अंदाजित खर्च सुमारे ११.८ कोटी डॉलर. त्यात निधीचे कर्ज सुमारे ४ कोटी. उरलेला भाग मुख्यतः शासनाच्या चालू योजना, बँका व सर रतन टाटा ट्रस्ट यांचा. यास 'मदत' म्हणण्याचा प्रघात पडला, पण हे प्राधान्याने कर्जच होते आणि त्याची परतफेड भारताच्याच तिजोरीतून व्हावयाची होती. इंग्रजी नावातील 'कन्व्हर्जन्स' हा शब्द योजनांचे प्रवाह आपोआप एकत्र मिळतात असे सुचवितो. मराठीतील 'समन्वय' मात्र कोणीतरी घालावा लागतो. मराठी नाव अधिक प्रामाणिक ठरले.

२०१८ मध्ये संपलेल्या या प्रकल्पात मृद्-जलसंधारण, कमी खर्चाची शेती, शेळीपालन, दूध असे अनेक विषय होते. त्यांतील सर्वांत अर्थपूर्ण भाग महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचतगटांचा मानावा लागेल. कारण लोकसंचालित साधन केंद्रांच्या रूपाने निर्णयाची जागा गावाजवळ आली. १८६० च्या दशकातील 'सुधारणे'हून येथे खरा पालट दिसतो.

कापसाचा भाव मात्र अशा कोणत्याही प्रकल्पाच्या कक्षेत येत नाही. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, माली व चाड या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे तक्रार मांडली की, श्रीमंत देशांच्या, विशेषतः अमेरिकेच्या, अनुदानांमुळे कापसाचे भाव पडतात आणि त्यांचे शेतकरी भरडले जातात. कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या अकोल्याच्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे याहून फारसे वेगळे नव्हते. फरक इतकाच की ते चार देशांच्या सरकारांनी मांडले. पुढील दशकात भारताने याच देशांसाठी कापूसविषयक तांत्रिक साह्याचा कार्यक्रम हाती घेतला, आणि आफ्रिकी देशांतील तंत्रज्ञ सरकी काढण्याचे शिक्षण घेण्यासाठी वऱ्हाडच्या शेजारी, नागपुरास येऊ लागले.